घरट्यापुढची फांदी

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रांच्या प्रदर्शनात एका चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. घरट्याच्या काठावर बसलेला बुलबुल आणि त्याच्याकडे चोची उघडून पाहणारी तीन पिले, असे ते चित्र होते. पुष्कळांनी त्याच्यासमोर उभे राहून कौतुक केले. ‘हे चित्र नव्हे, वात्सल्याची कविताच आहे,’ असा अभिप्रायही कोणी वहीत लिहिला. ते चित्र माझे होते. त्यामागे जे घडले ते मी त्या दिवशी कोणाला सांगितले नाही. आज सांगावेसे वाटते.

आमच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि कर्दळ, एक शेवगा, कढीपत्ता आणि मेंदीचे कुंपण, एवढाच तिचा पसारा. त्याच कुंपणात चैत्रात लालबुड्या बुलबुलाने वाटीसारखे घरटे केले. नवा कॅमेरा हाती होता. पण घरट्यापुढे एक दाट फांदी आडवी येत होती, आणि आत उजेड पोचत नव्हता. मी कात्री आणली व फांदी कापली. मनासारखा उजेड आला. त्या सकाळी मी चाळीसएक फोटो काढले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो घरटे रिकामे! कावळ्याने काम केले होते. दोन्ही बुलबुल तारेवर बसून ओरडत होते. आजी एवढेच म्हणाली, “अरे, ती फांदी म्हणजे त्यांचं दार होतं. दार तूच काढलंस, मग कावळ्याला कशाला बोल लावतोस?”

आजीच्या बोलण्यात सगळे शास्त्र आले. घरट्यावरची पाने शत्रूची नजर अडवतात, आणि ऊनही अडवतात. अंगावर पिसे नसलेल्या पिलांना चैत्रातले ऊन सोसत नाही. आपण वारंवार जवळ गेलो, तर पालक पक्षी दूर राहतात, पिले उपाशी राहतात. क्वचित घरटेच सोडून दिले जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. म्हणजे माझ्या हातात बंदूक नव्हती, एवढाच काय तो फरक!

माझे मत असे, की पक्ष्यांना बोलावणे आणि त्यांना फसवणे यांत भेद केला पाहिजे. आज मोबाईलवर कोणत्याही पक्ष्याचा आवाज मिळतो. तो वाजवला की दयाळाचा नर धावत येतो, शेपटी उभारून इकडेतिकडे पाहतो, आणि आपण खूश होऊन फोटो घेतो. तो बिचारा मात्र आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी शिरला या समजुतीने कासावीस झालेला असतो. विणीच्या दिवसांत त्याची शक्ती अशी वाया घालवण्याचा आपल्याला काय अधिकार? शेव, बिस्किटे, शिळा भात टाकून पक्षी गोळा करण्याचेही तसेच. त्याने जमतात ती मुख्यतः कबुतरे आणि कावळे, आणि लहान पक्षी बागेतून हुसकले जातात.

मग पक्षी यावेत कसे? त्यांचे घर आपल्या अंगणात असावे, म्हणजे ते आपणहून येतात. शेवगा फुलला की शिंजीर येतो. केळफुलावर तर तो रोजचाच गिऱ्हाईक. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुलाला आणि कोकिळेला आवडतात. शिंपी पक्ष्याला शिवायला रुंद पाने हवीत. औषधाची फवारणी बंद ठेवावी, कारण फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना कीटक आणि कोळीच भरवतो. कोपऱ्यातला पालापाचोळा झाडून टाकू नये; दयाळ त्यातच आपले भक्ष्य शोधतो. आणि पाणी! मातीची पसरट परात, दोन इंचांहून खोल नको, रोज घासून भरलेली, झुडपाजवळ पण मांजराला दबा धरता येणार नाही अशी ठेवलेली. उन्हाळ्यात या परातीइतके दुसरे आमंत्रण नाही.

फोटोसाठी पुढे फारसे काही करावे लागत नाही. मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी पडद्याआड बसतो. परातीजवळ एक वाळकी काटकी रोवली आहे. पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी तिच्यावर क्षणभर टेकतो. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घ्यावे, मागची हिरवाई दूर असू द्यावी, पक्ष्याचा डोळा स्पष्ट येईल याकडे लक्ष द्यावे, आणि थांबावे. कधी तासभर काही येत नाही. पण त्या तासात जे दिसते, ते कॅमेऱ्यात न येताही आपले होते.

कोणी म्हणेल, फोटोंमुळेच तर लोकांना पक्ष्यांची गोडी लागते. खरे आहे, आणि माझे भांडण कॅमेऱ्याशी नाही. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते चौकशीसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचे आयुष्य पक्ष्यांचे झाले. चूक झाली तरी माणूस पुढे जातो. मात्र तिची लाज वाटली पाहिजे. तिलाच बक्षीस मिळाले, तर माणूस काय शिकणार?

सलीम अली आणि 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शासनाने तो 2020 साली जाहीर केला. त्या निमित्ताने आपल्या महाविद्यालयाने एक साधा नियम करावा, अशी माझी विनंती आहे: यापुढे प्रदर्शनात घरट्याचे, अंड्यांचे वा घरट्यातल्या पिलांचे चित्र स्वीकारू नये, आणि प्रत्येक चित्राखाली ते कसे काढले हे दोन ओळींत लिहावे.

या नियमाने पहिले बाद होईल ते माझेच चित्र. पारितोषिकाचा चषक मी ग्रंथालयात परत देऊन आलो आहे. मेंदीची फांदी पुन्हा वाढली आहे. बुलबुल मात्र यंदा तिथे आला नाही.