मनी वसे ते मॉडेलात दिसे

26 जानेवारी 2015 च्या रात्री अकरा वाजता न्यूयॉर्कची सबवे प्रवाशांसाठी बंद झाली. 1904 पासून धावणारी ही रेल्वे नुसत्या बर्फापायी बंद ठेवण्याची ती पहिलीच वेळ. शहराच्या इतिहासातलं सर्वांत मोठं हिमवादळ ठरू शकेल, असा इशारा महापौर डी ब्लाझिओ यांनी आदल्याच दिवशी दिला होता. सरकारी हवामान खात्याचा शहरासाठीचा आकडा होता 20 ते 30 इंच. वादळ सरल्यावर सेंट्रल पार्कातली मोजणी भरली 9.8 इंच.

इकडे न्यू जर्सीत, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत, त्याआधीच दूध आणि ब्रेडचे कप्पे साफ झाले होते. कोथिंबिरीच्या जुड्यांवरही झुंबड होती. बर्फात अडकून पडल्यावर माणसाला कोथिंबीर कशाला लागते, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. मंगळवारी सकाळी लोक फावडी घेऊन बाहेर आले, पायाखालचा बर्फ बघितला आणि हवामान खात्याच्या नावानं शिमगा सुरू झाला.

माझं मत विचाराल तर खातं लोकांना वाटलं तितकं चुकलेलं नव्हतं. त्याच वादळानं मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला 34.5 इंच बर्फ दिला; तिथला तो विक्रम ठरला. बॉस्टनला दोन फूट पडला, लाँग आयलंडच्या पूर्वेकडच्या भागातही तेवढाच. वादळ आलं, ठरल्या दिवशी आलं, सांगितलं तेवढंच दांडगं आलं. फक्त त्याची पश्चिमेकडची कड पन्नास-पाऊणशे मैल पूर्वेला सरकली. एवढ्या अवाढव्य प्रकरणात हे अंतर म्हणजे किरकोळ. पण त्या पट्ट्यात न्यूयॉर्क आणि आमचं जर्सी बसलेलं, त्यामुळे कोट्यवधी लोकांच्या लेखी वादळ झालंच नाही.

ही कड हौशी हवामानवेड्यांना जितकी कळते तितकी टीव्हीसमोर बसणाऱ्याला कळत नाही. जोरदार बर्फाचा पट्टा म्हणजे वर चढणारी हवा. वर गेलेली हवा शेजारी कुठेतरी खाली उतरणारच, आणि उतरताना ती कोरडी होत जाते. म्हणजे एका गावात तासाला दोन-तीन इंच कोसळत असतो आणि जरा पलीकडे आकाशातून चाळणीतून चाळल्यासारखी नुसती भुरभुर. पट्टा कुठे ठाण मांडणार हे आदल्या रात्रीपर्यंतही नीट सांगता येत नाही. रडारवर तो आपल्या गावाच्या अलीकडेच अडून बसलेला बघणं, हे या छंदातलं सर्वांत मोठं दुःख.

कारण ही मंडळी बर्फाची भुकेली असतात, हे आधी सांगायला हवं. आमच्या ओळखीत असे एक काका आहेत. निवृत्त इंजिनीअर, मूळचे साताऱ्याचे. जानेवारी लागला की त्यांचं घड्याळ लंडनच्या वेळेवर जातं, कारण हवामानाचा अंदाज देणारी संगणकी मॉडेलं त्याच वेळेवर चालतात. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चारदा चालतं. संध्याकाळी सातच्या निरीक्षणांवरचा रन साडेदहापासून हाती येऊ लागतो. युरोपियन मॉडेलचा, म्हणजे यांच्या भाषेत 'युरो'चा रन मध्यरात्रीनंतर. "काका, परवा ऑफिसला निघू का?" असं विचारलं की उत्तर येतं, "आत्ता काही बोलत नाही. आज रात्रीचा युरो येऊ दे." काकू म्हणतात, पोरांच्या बोर्डाच्या निकालाला हा माणूस इतका जागला नव्हता.

आणि युरोच का, यालाही इतिहास आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ समुद्रात निघून जाईल असं जीएफएस सांगत होतं, तेव्हा ते डावीकडे वळून किनाऱ्यावर आदळेल असं युरोनं जवळपास आठवडाभर आधी दाखवलं. सँडी न्यू जर्सीवरच आदळलं. जर्सीकरांनी कित्येक दिवस अंधारात आणि पेट्रोलच्या रांगांत काढले. तेव्हापासून इथे युरोचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. 2015 च्या त्या जानेवारीत युरो न्यूयॉर्कला भरभरून बर्फ देत होतं. जीएफएसची सुधारित आवृत्ती जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, 14 जानेवारीला, सुरू झालेली. ती वादळ जरा पूर्वेला ठेवून शहराला कमी देत होती. तिचं कोण ऐकणार? एकदा भविष्य खरं ठरलेल्या ज्योतिषाकडे लोक पुन्हा जातात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय युरोचा नकाशा जास्त बर्फाचा, म्हणजे मनासारखा. या छंदाचा खरा रोग हाच. एकाच वादळाची डझनभर उत्तरं समोर असतात आणि माणूस बरोब्बर हवं ते उचलतो. नको ते उत्तर आलं की सबबी तयार असतात: वादळाचं मूळ अजून पॅसिफिकवर आहे, ते किनाऱ्याला लागून हवामानाच्या फुग्यांच्या मोजणीत आलं की मॉडेल सुधारेल! ही सबब तशी अगदी खोटी नाही. पण ती फक्त कमी बर्फाच्या रनलाच लावली जाते, यात काय ते आलं.

जे या छंदात टिकतात ते हळूहळू एका रनवर नाचणं सोडतात. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून मॉडेल अनेकदा चालवलं की उत्तरांचा जो पसारा हाती येतो, तो ते आधी बघतात. युरोच्या अशा पन्नासेक आवृत्त्या असतात. त्यातल्या बऱ्याच जणी शहराला बर्फ देतात आणि काही जवळपास कोरडं ठेवतात, तेव्हा 'सरासरी अमुक इंच' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. त्या वादळानंतर फिलाडेल्फिया परिसराच्या अंदाजाची जबाबदारी असलेले गॅरी शॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली. हवामान खात्याचे संचालक लुई उचेलिनी यांनी मात्र बोट ठेवलं ते वेगळ्या जागी: अंदाजातली अनिश्चितता लोकांपर्यंत नीट पोचवायला हवी होती. उचेलिनी म्हणजे ईशान्य अमेरिकेच्या हिमवादळांवर पॉल कोसिन यांच्यासह जाडजूड ग्रंथ लिहिणारा माणूस. काकांच्या देव्हाऱ्यात हा ग्रंथ नाही एवढंच.

पुढच्याच वर्षी उलटं झालं. जानेवारी 2016 च्या वादळात सगळा रोख वॉशिंग्टनकडे होता. न्यूयॉर्क उत्तरेच्या कडेवर, आदल्या दिवसापर्यंत शहरासाठी फूटभराच्या आसपासचे अंदाज. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कात 27.5 इंच पडला, तिथला आजवरचा विक्रम. कड या खेपेला उत्तरेला सरकली होती. त्या वेळी खात्याच्या नावानं कोणी बोटं मोडल्याचं मला आठवत नाही.

बर्फ मोजणं हे तर वेगळंच शास्त्र. पांढरी रंगवलेली फळी उघड्यावर ठेवायची, पट्टी लावून उंची घ्यायची, फळी पुसून पुन्हा ठेवायची. पण सहा तासांतून एकदाच, त्याहून वरचेवर नाही. ताजा बर्फ स्वतःच्या वजनानं बसतो. दर तासाला पुसून बेरीज केली तर बसायला वेळच मिळत नाही आणि आकडा फुगतो. 2016 मध्ये न्यूअर्क विमानतळावरून 28.1 इंचांची नोंद आली. चौकशीत कळलं की तिथे तासातासाला मोजणी झाली होती. नोंद बाद! वॉशिंग्टनच्या विमानतळावर मोजणाऱ्यांची फळीच बर्फाखाली हरवली, तिथले 17.8 इंच मात्र कायम राहिले. काका अंगणातल्या फळीशेजारी आता एक काठी रोवून ठेवतात, वर लाल फडकं बांधून.

हवामान खातं हल्ली एकाऐवजी तीन नकाशे देतं: सर्वाधिक शक्यतेचा, निदान एवढा तरी पडेल असा, आणि फार तर एवढा पडू शकेल असा. तिसऱ्या नकाशाइतका बर्फ पडण्याची शक्यता दहात एक, असं त्यावर छापलेलंही असतं. वादळाची चाहूल लागली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला येतो तो तिसरा नकाशा, छापलेली ओळ कापून. पाठवणारे काका नसतात, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. ते त्याखाली न चुकता पहिले दोन चिकटवतात. मग कोणीतरी विचारतं, "ते राहू द्या काका, नक्की किती पडणार ते सांगा."