पेल्यावरचे पिंपळपान

वैशाख पौर्णिमेला घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या धाकट्या कन्येने कपाटातले सहा काचेचे पेले खाली उतरविले आणि आठवडाभर आधीच रंगकामाला बसली. सुट्टीतल्या वर्गात ती काचेवरचे रंगकाम शिकून आली होती. हा छंद तसा नवा नव्हे. नव्वदच्या दशकात त्याची घरोघरी लाट आली होती. तेव्हा आम्हीही एक बाटली रंगवून, तीत प्लॅस्टिकची फुले खोचून टी. व्ही. वर ठेवली होती. ती अजून माळ्यावर आहे. आता बघवत नाही, पण टाकवतही नाही.

भगिनींनो, हे काम ज्याची नक्कल आहे ते मूळ काम पाहण्यास कोल्हापूरकरांना लांब जावे लागत नाही. नव्या राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून 1877 ते 1884 या काळात हा राजवाडा बांधला गेला. त्याच्या दरबार हॉलच्या खिडक्यांतून रंगीत काचांत शिवचरित्रातील प्रसंग उभे केले आहेत. आम्ही मुलीला मुद्दाम तेथे नेले. आत उभे राहून बाहेरच्या उजेडाकडे पाहावे, तेव्हाच त्या काचा बोलू लागतात.

अशा कामात काच वितळलेली असतानाच तीत धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा, तर लाल रंगासाठी सोनेसुद्धा वापरीत. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या वगैरे रेघा रंगवून भट्टीत भाजून पक्क्या करतात. आपल्या घरच्या कामात शिशाच्या पट्टीची जागा ट्यूबमधली काळी किंवा सोनेरी रेघ घेते, आणि रंग काचेवर नुसता वाळतो. म्हणजे खऱ्या कामात रंग काचेच्या पोटात असतो, आपल्या कामात तो पाठीवर बसलेला असतो. त्याला जपावे लागते ते एवढ्यासाठीच.

मुलीने पहिल्या खेपेस सहा पेल्यांवर सहा वेगळी चित्रे काढली. एकावर मोर, एकावर कमळ, एकावर मासा, आणि तीही थेट काठापर्यंत. चार दिवस आधी कागल तालुक्यातल्या आमच्या आत्ती आल्या. त्यांना मोराच्या पेल्यातून पाणी दिले. त्यांनी पेला फिरवून पाहिला आणि विचारले, “ह्यो कुणाचा गलास हाय? खूण कशापायी केलीया?”

मुलगी कौतुकाने म्हणाली, “आजी, प्रत्येकाचा वेगळा आहे. म्हणजे कुणाचा कुणाला जाणार नाही.”

आत्तींनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले. त्यांच्या लहानपणी गावातल्या चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला एक कान तुटलेला कप ठेवलेला असे. तो आपल्या लोकांचा. आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपणच धुऊन परत ठेवायचा. तुटका कान हीच त्याची खूण. “कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणूनच की ती,” त्या म्हणाल्या. मुलगी गप्प झाली. आम्हीही झालो. कारण आम्हांला ते ऐकून माहीत होते, पण पेला रंगविताना सुचले नव्हते.

त्या रात्री मुलीला गंगाराम कांबळे यांची हकिगत सांगितली. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. लोक तेथे चहाला यायला कचरतात म्हटल्यावर महाराज स्वतः तेथे चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. हॉटेल जेथे होते तो रस्ता मुलीचा रोजचा आहे. तिला हे ठाऊक नव्हते, यात चूक तिची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सहाही पेले नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाने आणि जुन्या ब्लेडने खरवडून साफ केले. सगळ्यांवर एकच चित्र, पिंपळपान, असे ठरले. घरच्यांना आणि पाहुण्यांना पेले तेच.

पिंपळपान या कामाला सोयीचेही आहे. मधली शीर आणि दोन्ही बाजूंच्या शिरा काढल्या की आपोआप लहान लहान कप्पे पडतात, प्रत्येकात हिरव्याची वेगळी छटा भरता येते. पानाभोवतालच्या मोकळ्या जागेलाही चार-दोन रेघांनी तोडावे, नाहीतर चित्र स्टिकर चिकटविल्यासारखे दिसते. खऱ्या खिडकीत मोकळी जागा अशी नसतेच, तीही तुकड्यांचीच असते.

पेला साबणाने धुऊन, कोरडा करून स्पिरिटने पुसावा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. नक्षीचा कागद आतून चिकटवून बाहेरून ट्यूबने गिरवावी. रेघ कोठेही तुटू देऊ नये, रंग तेथूनच पळतो. रेघ रात्रभर वाळू द्यावी. मग पेला टॉवेलच्या वळकटीवर आडवा ठेवून वरच्या बाजूचेच कप्पे भरावेत, ते वाळल्यावर फिरवावा. घाई केली की ओघळ येतात. ब्रशने घासू नये, थेंब सोडून कडेपर्यंत सरकवावा. बुडबुडा आला तर टाचणीने फोडावा. थिनरच्या वासाचे रंग असतील तर खिडकी उघडी हवी आणि गॅसची शेगडी लांब. स्वयंपाकघरात हे काम नकोच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेल्याच्या आत रंग लावू नये आणि काठाखाली दोन बोटे जागा कोरी सोडावी. हे रंग पोटात जाण्यासाठी नाहीत. शोभेचे रंग म्हणून विकतात, तसेच वापरावेत. चहासाठी असे पेले घेऊ नयेत, उष्णतेने रंग मऊ पडतो. ओळखीच्या एका बाईंनी लग्नात आहेर म्हणून रंगविलेले पेले दिले होते. ते काठापर्यंत रंगविलेले होते. महिनाभरात सरबतात पापुद्रे तरंगू लागले. ऑर्डर घेऊन विकणाऱ्या भगिनींनी तर हे फारच सांभाळावे. एक पेला परत आला की पुढच्या दहा ऑर्डरी जातात. त्यापेक्षा फुलदाणी किंवा बडीशेपेची बरणी बाहेरून रंगवून विकावी, तक्रार येत नाही.

पौर्णिमेला लिंबू सरबत भरले तेव्हा पाने उजळून निघाली. खिरीसाठी मात्र वाट्याच बऱ्या, मागे पांढरे आले की रंग विझतो. आत्तींनी दोन पेले सरबत घेतले आणि जाताना एक पेला पिशवीत घालून नेला.

परवा त्यांचा फोन आला. सुनेने पेला राखेने घासला, अर्धे पान गेले. “पोरीला म्हणावं, दुसरा करून ठेव. पण सहातला न्हाई. सातवा कर.”