डॉक्टर घडवताना अंत्योदयाचे भान

९ जानेवारी २०२१ची पहाट भंडारा जिल्हा विसरू शकणार नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला त्या रात्री आग लागली आणि दहा अर्भकांचा अंत झाला. सात बालकांना वाचवता आले. पुढे चौकशी झाली, अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु मोलमजुरी करणाऱ्या आईबापांना सरकारी रुग्णालयावाचून दुसरा आधार नसतो, हेही त्या दुर्घटनेने दाखवले. ज्याला पर्याय नाही, त्याच्या वाट्याला कशी सेवा येते, हीच आरोग्यव्यवस्थेची कसोटी होय.

त्याच भंडाऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. जिल्ह्यासाठी ही आनंदाची घटना आहे. इमारती, यंत्रसामग्री आणि अध्यापक यांची मागणी होत राहील; व्हायलाही हवी. मात्र येथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची दृष्टी कोणती असेल, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्रित विचार हा त्याचा गाभा. चरकसंहितेनेही चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य आणि औषध यांच्या बरोबरीने परिचारक व रोगी यांना स्थान दिले आहे. परिचारिकेला कनिष्ठ आणि रुग्णाला केवळ ‘केस’ समजणारे शिक्षण या परंपरेशी विसंगत आहे.

हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. थंडी, ओल आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. आता धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलपाण्यात उभ्या राहणाऱ्या मुलीला ‘विश्रांती घ्या’ एवढेच लिहून दिले, तर त्या सल्ल्याचा उपयोग काय? तिची मजुरी बुडणार, घरची चूल अडणार. शिवाय आजार उघड झाल्यास लग्न जमणार नाही, ही धास्ती. हे सारे समजून घेणारा डॉक्टरच तिच्यावर खरे उपचार करू शकेल. तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणकामगार किंवा घरी विड्या वळणाऱ्या भगिनी यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. झाडीबोलीत सांगितलेले दुखणे ज्याला कळत नाही, त्याचे निदान अर्ध्यावरच चुकते.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात या गोष्टींना वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर विदर्भातच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी प्रारंभी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तेथूनही उत्तम डॉक्टर घडले. देशाच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वैद्यकीय नीती व संवादकौशल्य यांना, तर २०२२ मध्ये कुटुंब दत्तक उपक्रमालाही स्थान मिळाले आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. वही भरण्यापुरती भेट झाली, तर उपक्रम कागदावरच राहील.

म्हणून भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांना सोयीची, रस्त्यालगतची गावे देऊ नयेत. आडवळणाची गावे, वनवासी पाडे आणि ढिवर वस्त्या द्याव्यात. त्यांना आशाताई व परिचारिकांच्या हाताखाली काही दिवस शिकू द्यावे. परीक्षेत रोगनिदानाबरोबरच रुग्णाच्या घरची स्थितीही विचारली जावी.

समाजाचेही यात दायित्व आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी आपली घरे उघडावीत, त्यांना वस्तीत घेऊन जावे, सिकलसेलच्या तपासणीविषयीची भीती दूर करावी. मध्यमवर्गीय पालकांनीही मुलाला डॉक्टर करताना केवळ शहरातील दवाखान्याचे स्वप्न दाखवू नये. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०३०च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर रांगेतील शेवटच्या माणसाची ओळख तिला झालेली असली पाहिजे.