रिटेनर नुसता धुऊन भागत नाही

वर्ष-दोन वर्षे दातांवर असलेल्या तारा एकदाच्या निघतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच हायसे वाटते. डॉक्टर त्याच दिवशी दातांच्या मापाचे एक पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण हातात देतात. हाच रिटेनर. ‘रोज घालायचा आणि स्वच्छ ठेवायचा’, एवढे सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. घालायचा म्हणजे काय ते समजते. पण स्वच्छ ठेवायचा म्हणजे नेमके काय, हे बहुतेकांना कोणी करून दाखवलेले नसते. माझ्या मते उपचारातली सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे, आणि तिची किंमत आपल्या जिल्ह्यातल्या कुटुंबांना जास्त मोजावी लागते.

आधी रिटेनर कशासाठी, ते पाहू. दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. तो बारीक तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो. तारांनी दात सरकवला की हे तंतू ताणले जातात. नव्या जागी त्यांची घडी बसायला काही महिने लागतात. हिरडीतल्या काही तंतूंना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर दाताची ओढ जुन्या जागेकडेच असते. रिटेनर त्याला धरून ठेवतो.

आता या आवरणावर काय घडते ते पाहा. रिटेनर तोंडात घातल्यावर काही मिनिटांतच त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा अदृश्य लेप चढतो. त्या लेपाला तोंडातले जीवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते, तसाच हा थर. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू आणि कॅन्डिडा ही बुरशी अशा थरात सापडतात. आजोबांच्या कवळीखाली टाळू लाल होऊन चुरचुरते, त्यामागे बहुतेक वेळा हीच कॅन्डिडा असते. म्हणजे नातीचा रिटेनर आणि आजोबांची कवळी यांचे दुखणे एकच.

एरवी लाळ दात धुत असते आणि आम्ल सौम्य करत असते. रिटेनर घातला की दातांपर्यंत लाळ नीट पोहोचत नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते, आणि रिटेनर नेमका रात्री तोंडात असतो. त्यात कोणी रिटेनर न काढताच गोड चहा घेतला किंवा कुंथलगिरीचा पेढा तोंडात टाकला, तर साखर दात आणि प्लॅस्टिक यांच्या फटीत अडकून बसते. जीवाणू तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या कवचावर तासन्‌तास काम करते. साध्या पाण्याव्यतिरिक्त काहीही घेताना रिटेनर काढायला सांगतात, ते यासाठीच.

पण माझ्या दृष्टीने याहून मोठे नुकसान वेगळे आहे. रिटेनर पिवळट पडतो, त्याला वास येऊ लागतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला तो तोंडात घालवत नाही. आज राहिला, उद्या राहिला, करता करता तो कपाटात जातो. दात हळूहळू पुन्हा सरकतात. महिनाभराने घालून पाहावा, तर तो बसत नाही. आपल्याकडे तारांच्या उपचारासाठी कळंबहून लातूर, परंड्याहून बार्शी, तुळजापूरहून सोलापूर अशा वाऱ्या कराव्या लागतात. कित्येक घरांत तो पैसा सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेला असतो. तो वाया जातो, आणि कारण असते एक न घासलेले प्लॅस्टिक.

मी घासलेले म्हणतो, धुतलेले नव्हे. हा फरक साडेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदला गेला आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घडवलेल्या भिंगाखाली आपल्या दातांवरचे किटण पाहिले. त्यात वळवळणाऱ्या जीवांविषयी त्याने 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. व्हिनेगरने दात धुतले तर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरत, आतले मात्र जिवंत राहत. आजचे बायोफिल्मचे शास्त्र हेच सांगते. चिकट आवरणात शिरलेल्या जीवाणूंपर्यंत औषध सहजी पोहोचत नाही. म्हणून आधी ब्रशने थर मोडायचा, मग भिजवायचे. कवळी साफ करण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या उपयोगी आहेत, पण त्या ब्रशची जागा घेऊ शकत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या दिव्याच्या आणि थरथरणाऱ्या महागड्या पेट्यांपेक्षा मऊ ब्रश आणि रोजची दोन मिनिटे यांवर माझा भरवसा जास्त आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. ‘वाहत्या नळाखाली धुवा’ ही सूचना चोवीस तास नळ असलेल्या घरासाठी ठीक आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या घरात ती निरुपयोगी आहे. तिथे दोन वाट्या पाणी पुरते. पहिल्या वाटीत साध्या सौम्य साबणाचा थेंब टाकून रिटेनर आतून-बाहेरून मऊ ब्रशने घासावा. दुसऱ्या वाटीत पिण्याचे पाणी घेऊन तो खळबळून काढावा. पिंपात साठवलेले किंवा बोअरचे पाणी शेवटच्या धुण्याला नको. बोअरचे जड पाणी सुकले की क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. लाळेतल्या कॅल्शियमचेही किटण रिटेनरवर धरते. अशा खरखरीत जागी जीवाणूंना पाय रोवायला सोपे जाते. हे किटण दिसू लागले, तर आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बरेचसे पाणी मिसळून रिटेनर दहा-पंधरा मिनिटे भिजवावा, मग घासून स्वच्छ धुवावा.

काही गोष्टी टाळायच्या. उकळते पाणी ओतले तर जंतू मरतील, पण रिटेनरही वाकडा होईल. आपल्याकडच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेजवळ तो ठेवू नये, तेही याच कारणाने. टूथपेस्टने घासू नये. तिच्यातल्या बारीक कणांनी प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि जीवाणूंना घर मिळते. ओला रिटेनर डबीत बंद करू नये. डबीला हवेसाठी भोके असावीत आणि तीही नियमित धुवावी. आणि दात न घासता रिटेनर चढवू नये, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

यात भीती घालण्यासारखे काही नाही. तोंडात जीवाणू असतातच, त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. रिटेनर निर्जंतुक करायचा नाही, त्यावर थर साचू द्यायचा नाही, एवढेच.

त्यासाठी डॉक्टरांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. तारा काढल्या त्या दिवशी पाच मिनिटे द्यावीत. रुग्णाच्या हातात ब्रश देऊन त्याच्याकडूनच रिटेनर घासून घ्यावा. मराठीत छापलेला एक कागद द्यावा, ज्यात दोन वाट्यांची पद्धत असेल. पुढच्या प्रत्येक भेटीला दातांबरोबर रिटेनरही तपासावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांचे दात पाहतातच, त्यांनी ‘रिटेनर आहे का, कसा धुतोस?’ एवढे विचारले तरी पुष्कळ. आणि पालकांनी, रिटेनर घालतोस का, हे विचारण्याआधी तो एकदा उजेडात धरून पाहावा. आरपार स्वच्छ दिसला नाही, तर मूल तो का टाळते याचे उत्तर हातातच असेल.