मैदान कुणासाठी?

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे नमवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. वर्षभरात आपले खेळाडू खेळ विसरले होते काय? नाही. त्यांच्या पायांखालची जमीन मात्र बदलली होती. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली.

हे मैदान जन्मले ते हॉकीसाठी नव्हेच. १९६५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले बेसबॉलचे स्टेडियम उभे राहिले. छपरातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेमुळे चेंडू दिसेना, म्हणून छप्पर रंगवले. ऊन अडले आणि आतले गवत मेले. त्यावर तोड म्हणून १९६६ मध्ये प्लॅस्टिकचे गवत आले आणि स्टेडियमवरून ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले. तिथली ती गरज होती. हॉकीत मात्र ती सक्ती झाली.

गवतावर चेंडू केव्हा उसळेल याचा नेम नसे. त्याला काबूत ठेवणाऱ्या मनगटाला तिथे मोल होते. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. त्यामुळे दमसास, धाव आणि लांब पल्ल्याचे पास यांना महत्त्व आले. आपल्या घसरणीचे सारे खापर या मैदानावर फोडणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९६८ आणि १९७२ मध्ये गवतावरही आपल्याला कांस्यपदकावरच समाधान मानावे लागले होते. खरा घाव बसला तो सरावावर. पुण्याजवळच्या खडकीतून धनराज पिल्ले घडला. अशा वस्तीतल्या मुलाला मोकळी जागा मिळेल. पण कोट्यवधी रुपयांचे आणि वर पाणी शिंपडावे लागणारे मैदान कोठून मिळणार?

फुटबॉलची कथा पाहा. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात कृत्रिम मैदानांवर झाला. पुरुषांना गवत आणि आम्हाला प्लॅस्टिक का, असा सवाल करीत नामवंत खेळाडूंनी २०१४ मध्येच कायदेशीर तक्रार केली होती. याउलट २०२६ च्या पुरुष विश्वचषकासाठी अमेरिकेतील कृत्रिम मैदानांच्या स्टेडियममध्येही नैसर्गिक गवताचीच अट घातली गेली. कृत्रिम मैदानात पसरल्या जाणाऱ्या रबरी कणांमुळे होणारे प्रदूषण ओळखून युरोपीय संघाने २०२३ मध्ये असे कण आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्याच्या हाती पैसा आणि वजन, त्याला मैदान निवडता येते. इतरांनी मिळेल त्यावर खेळायचे!

कृत्रिम मैदानाचे गुणही नाकारता येत नाहीत. पावसाळ्यात गवताचा चिखल होतो आणि दिवसभर खेळ चालला तर ते उखडते. प्लॅस्टिक हे सोसते. उन्हात मात्र चांगलेच तापते. शिवाय हॉकी आता मागे फिरणार नाही. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमधली आपली कांस्यपदके कृत्रिम मैदानावरचीच आहेत. ओडिशा सरकारने सुंदरगढसारख्या आदिवासी जिल्ह्यात अशी मैदाने उभारण्याचे काम हाती घेतले, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

तेव्हा गवत की प्लॅस्टिक, एवढाच वाद घालण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांना खुले असे एक कृत्रिम मैदान हवे आणि प्रत्येक शाळेपाशी साधे, मातीचे वा गवताचे मैदान हवे. पहिले नसेल तर पदके हुकतील. दुसरे नसेल तर पदकांसाठी धावणारी मुलेच उरणार नाहीत.