स्लोचा स्क्रू

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. विषय तसा फुटकळ आहे. नानांची मारुती ८००.

घरातल्या मंडळींना ही गाडी माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. १९९८ ची, पांढरी, कार्बोरेटरवाली, हाताने चोक ओढायची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे उभ्या जागी थोडी थरथरायचीच. नाना म्हणायचे, "थरथरू दे, बंद नाही ना पडत!" नाना गेले, गाडी राहिली. आईला धुळ्याला माहेरी जायचं तर अजूनही ह्याच गाडीतून. दुसऱ्या गाडीत तिला मळमळतं म्हणे. (ह्या गाडीत का मळमळत नाही, हे विचारायची आमची कुणाची हिंमत नाही.)

तर झालं असं की गेल्या उन्हाळ्यात गाडीची रेस आपोआप कमीजास्त व्हायला लागली. सकाळी गार असताना ठीक. तासभर चालली की सिग्नलला उभ्या उभ्या भुर्रर्र चढायची, मग उतरायची, परत चढायची. पायाखाली काहीच नाही. कुणी अदृश्य माणूस अॅक्सिलरेटरशी खेळतोय असं वाटायचं.

जळगावातल्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घातला, स्लोचा स्क्रू मागे घेतला, रेस खाली आली. दोन मिनिटांचं काम! मीही खूश. आठ दिवसांनी आईला घेऊन धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळ्याच्या अलीकडे ट्रकमागे वेग कमी केला आणि गाडी बंद. सुरू केली, पुन्हा बंद. मे महिना, दुपारचे दोन, मागे ट्रकचे हॉर्न आणि शेजारी सत्तरीची आई. ती काही बोलली नाही. पदराने वारा घेत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

कशीबशी धुळ्याला पोचलो. मामांनी ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्तरीकडे नेलं. तिथे जे पाहिलं त्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

त्या काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही. आधी गाडी गरम होईपर्यंत सुरू ठेवली. मग चोक पूर्ण आत गेलाय का पाहिलं, कारण चोक जरा जरी अडकला तरी रेस चढलेलीच राहते. मग अॅक्सिलरेटरची केबल हलवून पाहिली, थोडी सैल हवी, ताणलेली नको. ही दोन्ही ठीक निघाली. मग कान खाली नेला आणि कार्बोरेटरजवळचे रबरी व्हॅक्युम पाइप एकेक करून चिमटीत दाबत गेले. तिसऱ्या पाइपाला रेस एकदम खाली येऊन स्थिर झाली.

"भाऊ, गाडी बिमार नही. हवा खाई ऱ्हायनी ती."

वीतभर पाइप. टोकाला केसासारखी चीर. गार असताना मिटलेली, गरम झाली की उघडायची. उभ्या गाडीत इंजिनाला मोजकीच हवा आणि मोजकंच पेट्रोल जातं. चिरेतून जादा हवा शिरली की रेस चढते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन डगमगतं. जळगावच्या मेकॅनिकने चीर उघडी असतानाच्या रेसवर स्क्रू बसवला होता. मग चीर मिटली की इंजिनाला हवाच पुरायची नाही आणि गाडी बंद! म्हणजे स्क्रू फिरवून दोष गेला नव्हता. एकाचे दोन दोष झाले होते.

नवा पाइप चाळीस रुपयांना. त्यानंतर काकांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्लो सेट केला. सगळ्यात शेवटी. आई म्हणाली, "इतलंच व्हतं का भाऊ?"

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळेच हल्ली आधी स्क्रू फिरवतो. पीयूसीचंच घ्या. पेट्रोल गाडीचा धूर उभ्या जागी, स्लोवरच मोजतात. माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. म्हणून कित्येक जण चाचणीपुरतं मिश्रण पातळ करून घेतात आणि कागद मिळाला की परत होतं तसं. कागद स्वच्छ, धूर तोच.

दुसरं टोक म्हणजे "विकून टाक". हे मला घरातल्या निदान चौघांनी सांगितलं (नावं घेत नाही, वाचताय ना!). त्यांचंही अगदीच चूक नाही. जुन्या कारच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारना १०,००० झाली. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं आणि कार्बोरेटरला मिश्रण आपोआप जुळवता येत नाही. वर आपल्या खान्देशातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन. तेव्हा पाइप चिरणारच. गाडीची हवा, सुरक्षितता सांभाळणं जमेना तेव्हा ती काढायलाच हवी, हे मला मान्य आहे. पण ते चीर शोधून झाल्यावर ठरवावं. चाळीस रुपयांच्या पाइपावर भंगाराचा निकाल लावू नये.

तुमची गाडी इंजेक्शनवाली असेल तर भाग वेगळे, क्रम तोच. आधी पाइप आणि जोड, मग थ्रॉटल बॉडीतली काजळी, आयडलचा व्हॉल्व्ह, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो बिघडला तर इंजिन गार आहे असं समजून गाडी रेस चढवूनच ठेवते. आणि एक विनंती. हवा कुठून शिरते ते शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल टाकणारे महाभाग आहेत. तसलं काही करू नका.

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो. गाडी मुद्दाम सुरूच ठेवली. आई काच खाली करून ऐकत होती. म्हणाली, "आता नानांसारखी वाजते."

मला तसं काही कळलं नाही. पण स्क्रूला मी आता हात लावणार नाही. असो.