विश्लेषण : काही जणांना एचआयव्हीची बाधा का होत नाही?

एचआयव्हीशी वारंवार संपर्क येऊनही ज्यांना संसर्ग झाला नाही, अशा मोजक्या व्यक्ती जगात आहेत. हे संरक्षण कुठून येते आणि त्यावर विसंबता येईल का?

शरीराची पहिली फळी काय करते?

जन्मजात प्रतिकारशक्ती कोणत्याही विषाणूवर तातडीने तुटून पडते. पेशींतील ‘एपोबेक-३जी’ हे प्रथिन एचआयव्हीच्या जनुकीय नकलेत इतक्या चुका घडवते, की ती निकामी व्हावी. मात्र एचआयव्हीकडे त्यावर तोड आहे. त्याचे ‘व्हिफ’ प्रथिन एपोबेकलाच नष्ट करते. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत ही फळी अपुरी ठरते.

मग काही जण कसे बचावतात?

एचआयव्हीला सीडी४ पेशीत शिरण्यासाठी बहुधा ‘सीसीआर५’ हा ग्राहक रेणू लागतो. या रेणूच्या जनुकातील ३२ अक्षरे गळालेली असली, तर तो पेशीवर येतच नाही. म्हणजे इथे लढाई जिंकली जात नाही. विषाणूला दारच सापडत नाही. १९९६ मध्ये हा बदल उजेडात आला. तो आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या व्यक्ती उत्तर युरोपीय वंशात सुमारे एक टक्का आहेत. भारतीयांत हा बदल अत्यंत विरळ आहे. शिवाय एचआयव्हीचे काही प्रकार ‘सीएक्ससीआर४’ या दुसऱ्या रेणूमार्गे शिरतात. त्यामुळे हे संरक्षणही शंभर टक्के नाही.

बर्लिनच्या रुग्णांचे महत्त्व काय?

टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये त्यांना हा बदल असलेल्या दात्याच्या मूळ पेशी देण्यात आल्या आणि ते एचआयव्हीमुक्त झाले. २०२४ मध्ये बर्लिनमधीलच आणखी एका रुग्णाची माहिती जाहीर झाली. त्याच्या दात्यात मात्र बदललेल्या जनुकाची एकच प्रत होती. म्हणजे बरे होण्यामागे दात्याच्या प्रतिकार पेशींनी रुग्णाच्या जुन्या, बाधित पेशी संपवणे हेही मोठे कारण असावे. तरीही प्रत्यारोपण जिवावर बेतू शकते. त्यामुळे ते कर्करोगासाठीच केले जाते.

नैसर्गिक संरक्षण कायम टिकते का?

नैरोबीतील काही देहविक्रय करणाऱ्या महिला वर्षानुवर्षे संसर्गमुक्त राहिल्या. संशोधकांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पण काही काळ हा व्यवसाय थांबवून परतलेल्या काहींना पुढे बाधा झाली. आज निगेटिव्ह असणे ही उद्याची हमी नव्हे, हे त्यातून दिसते.

भारतासाठी याचा अर्थ काय?

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. ‘माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे’ हा समज इथे घातक ठरू शकतो, कारण आपल्यात असा बदल आहे का हे बहुतेकांना ठाऊकच नसते. निसर्गाचा हा अपवाद उपयोगी पडला तो औषधासाठी. सीसीआर५चे दार अडवणारे ‘मॅराव्हिरॉक’ २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सर्वसामान्यांसाठी मात्र कंडोम, वेळेवर चाचणी आणि २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी एआरटी औषधे हाच खात्रीचा मार्ग आहे. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे संरक्षण जनुकांच्या नशिबावर अवलंबून नाही.